खाचेतली रिंग

सुमतीला कधी कुणाच्या पाटल्यांचा हेवा वाटला नाही. धाकटी जाऊ कौसल्या लग्न होऊन हुडकेश्वरच्या घरात आली, तेव्हा तिच्यामागून लोखंडी कपाट आलं, शिवणयंत्र आलं, चौकटीत घातलेली बी.एस्सी.ची पदवी आली. सुमतीनं हे सगळं हसतमुखानं उतरवून घेतलं. पदवीसाठी भिंतीत खिळासुद्धा तिनंच ठोकला. तिचा जीव अडकला होता तो घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये. तिथं काय होतं म्हणाल, तर एक जुनी अॅम्बेसेडर, रॉकेलचा डबा, चिंध्यांचं बोचकं आणि सासरे. आता माणसाचा जीव कुठं अडकावा याला काही कायदा नाही.

सासरे म्हणजे रुपराव. मूळचे पारशिवनीकडचे, पण सारी हयात नागपुरात एका खासगी बस कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेली. शेवटी शेवटी फोरमन झाले होते. कंपनी बंद पडली तेव्हा मालकाची जुनी गाडी त्यांनी घेतली आणि हुडकेश्वरला येऊन घर बांधलं. त्या काळी तिथं माणसांपेक्षा बाभळी जास्त होत्या. गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, हा त्यांचा नेम. तेल बदलायचं, फिल्टर बदलायचा, प्लग साफ करायचे, सगळं स्वतः. पण हाताशी एक माणूस लागतो. थोरला मुलगा श्रीधर मास्तर होता. त्याला शाईशिवाय दुसरा डाग चालत नसे. धाकटा रविंद्र बँकेत. त्याला कुठलाच डाग चालत नसे. उरली थोरली सून.

पहिल्या दिवशीची गोष्ट सुमती कधी विसरली नाही. कळमेश्वरहून नवी नवरी होऊन आलेली, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. पाना द्यायला ती वाकली तेव्हा इंजिन चालू होतं. पदर घसरला आणि पंख्याकडे ओढला जायला लागला. रुपराव ओरडले, "पदर खोच." तिनं घाबरून पदर कमरेला खोचला आणि मग तिच्या लक्षात आलं, की सासऱ्यापुढे आपण उघड्या डोक्यानं उभ्या आहोत. ती मेल्याहून मेल्यासारखी झाली. रुपराव मात्र इंजिनातून नजर न काढता म्हणाले, "इथं सासरा-सून नाही वं मोठे. इथं मिस्त्री अन् हेल्पर."

त्या घरात सुमती चुलीपाशी सून होती, देवापाशी सून होती, अंगणातही सूनच होती. पदर जरा ढळला की सासूबाई, रुखमाबाई, नुसत्या खाकरायच्या. शेडच्या उंबऱ्याशी आली की सुमती पदर कमरेला खोचायची आणि तेवढा वेळ ती कुणीतरी वेगळीच व्हायची. रुपराव न बघता हात मागं करायचे. "मोठे, पाना." पाना हातात पडायचा, आणि तोही हवा तोच. "मोठे, चिंधी." चिंधी हजर. बोलणं एवढंच. पण एवढं बोलणं तिच्याशी घरात दुसरं कुणी करत नव्हतं. श्रीधर तर पेपरच्या आडून बोलायचा. रुखमाबाई शेजारणीला सांगायच्या, "आमच्या घरी सून गाडीखाली अन् लेक पेपरखाली." सुमतीला ते ऐकून बरंच वाटायचं.

फिल्टर बदलणं हे त्यातलं खास काम. इंजिनाच्या बाजूला एक लोखंडी डबा असतो, लहान तांब्याएवढा, खालून एका लांब बोल्टनं वर आवळलेला. आत घड्या घातलेला कागदी फिल्टर. डब्याचा काठ वर जिथं टेकतो तिथं एक गोल खाच असते आणि त्या खाचेत रबराची रिंग. ती रिंग आहे म्हणून तेल डब्यातून बाहेर येत नाही. नव्या फिल्टरबरोबर नवी रिंग येते. जुनी मात्र उष्णतेनं खाचेत अशी चिकटून बसते आणि इतकी काळी होते, की ती खाचेचा तळच वाटते. टोकदार काहीतरी घालून तिला उकरून काढावं लागतं.

आधी रुपराव स्वतः काढायचे. मग वय झालं. लांबचं लख्ख दिसायचं, पण जवळचं धूसर होत चाललं, आणि वाकलं की चष्मा नाकावरून घसरायचा. एकदा ते तसे खाचेत चाचपडत होते, तेव्हा सुमतीनं बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढली, हात वर घातला आणि रिंग काढून चिंधीत टाकली. बोलली काही नाही. सासऱ्याला दिसत नाही हे सुनेनं कसं बोलावं? पुढच्या वेळी ते डबा पुसत होते, तोवर तिनं रिंग काढलेली होती. त्याच्या पुढच्या वेळीही तसंच. होता होता ते काम रुपरावांच्या डोक्यातून निघूनच गेलं. नवी रिंग घेऊन त्यांचा हात वर जायचा तेव्हा खाच मोकळीच असायची. वरणात मीठ कुणी घातलं हे जेवणारा कुठं विचारतो, तसंच ते.

आणि मग कौसल्या आली.

दसरा तोंडावर होता. नव्या सुनेला पारशिवनीला नेऊन देवीची ओटी भरायची होती. त्याच्या आदल्या दिवशी रुपरावांनी तेल बदलायला काढलं. सुमती शेडमध्ये भांडं लावून जुनं तेल काढत होती, तेवढ्यात कौसल्या केसांना गजरा माळत दारात येऊन उभी राहिली.

"मामाजी, हे फिल्टर कशासाठी असते?" तिनं विचारलं.

सुमतीला मनातून हसू आलं. इतकी शिकलेली आणि एवढंही माहीत नाही. तिनं रुपरावांकडे पाहिलं. तिला वाटलं, ते आता म्हणतील, जाय वं, कपडे खराब होतील. पण रुपरावांनी हातातला पाना खाली ठेवला.

"चहाची गाळणी असते ना, तशी," ते म्हणाले. "इंजिनात लोखंडाले लोखंड घासते. त्याचा चुरा तेलात येते, काजळी येते. ते समदं इथं अटकते."

"अन् गाळणीच भरून गेली तर? तेल थांबून जाईल ना."

रुपराव वळले. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि कौसल्येकडे असं पाहिलं, जसं त्यांनी सुमतीकडे कधी पाहिलं नव्हतं. "हे मले वर्कशॉपात कोणी कधी विचारलं नाही पाह्य," ते म्हणाले. "गाळणी भरली तं वर एक झडप आहे. ती उघडते. तेल गाळणीतून न जाता सरळ इंजिनात जाते, घाणच्या घाण. काहून? घाण तेलानं इंजिन झिजते, पण बिनतेलानं ते जाग्यावर मरते. म्हणून बनवणाऱ्यानं इचार करून ठेवला, का घाण चालन, पण कोरडं नोको."

झडप. सुमतीचं भांड्याकडे लक्षच राहिलं नाही आणि तेल तिच्या पायावर सांडलं. इतकी वर्षं तिनं तो डबा रॉकेलनं धुतला, इतकी वर्षं त्याचा बोल्ट पुसला, आणि त्याच्या डोक्यावर झडप आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं विचारलं नव्हतं हे खरं. पण विचारायचं असतं हे तिला कुठं माहीत होतं? ती समजत होती, शेडमध्ये गप्प राहणं हीच हुशारी.

कौसल्या पुढं आली, वाकली आणि तिचा पदर बंपरवर लोळायला लागला.

"पदर खोच, लहाने," रुपराव म्हणाले. "इथं सासरा-सून नाही वं. इथं मिस्त्री अन् हेल्पर."

तेच शब्द. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. सुमतीला वाटलं, आपल्या अंगावरचा दागिना कुणी आपल्यासमोर काढून दुसरीच्या गळ्यात घातला. ते वाक्य तिनं जपून ठेवलं होतं. सासूच्या बोलण्यानं डोळे भरायचे तेव्हा मनात घोळवलं होतं. आणि हा माणूस ते असं वाटत सुटला होता, जसा कुणी दारात आलेल्याला पाणी देतो. कौसल्येनं पदर खोचला, लाजलीसुद्धा नाही, उलट खुदकन हसली.

"मोठे," रुपराव म्हणाले, "तू जाय, चहा टाक आमच्यासाठी."

आमच्यासाठी. सुमती घरात आली. तिनं चहा असा उकळला, की रुखमाबाईंनी विचारलं, "कोणावर राग काढून राहिली वं?" ती कपबशा घेऊन परत शेडपाशी गेली, तेव्हा डबा धुऊन झाला होता, नवा फिल्टर आत बसला होता आणि कौसल्या नवी रिंग बोटांनी वर खाचेत दाबत होती. "दबून नाही राहिली, मामाजी," ती म्हणाली. "पहिले जरा वर राहते," रुपराव म्हणाले. "बोल्ट आवळला का बसते."

सुमतीची नजर आपोआप चिंधीकडे गेली. चिंधीत जुनी रिंग नव्हती. डब्यात नव्हती, जमिनीवर नव्हती. म्हणजे ती वरच होती, खाचेत, आणि तिच्या उरावर नवी बसत होती. सुमतीचा हात बांगडीकडे गेला. पिन बोटाला लागली. तोंड उघडायचं आणि म्हणायचं, थांबा मामाजी, जुनी राहून गेली. एवढंच तर काम होतं.

तेवढ्यात रुपराव कप घेत म्हणाले, "लहानीचा हात मोठा हलका आहे, बरं का."

सुमतीनं हात खाली घेतला आणि मूग गिळून उभी राहिली.

बोल्ट आवळला गेला, नवं तेल ओतलं गेलं, इंजिन चालू झालं. रुपराव स्टिअरिंगमागं बसले होते. सवयीनं त्यांनी हाक मारली ती थोरलीलाच. "मोठे, पाह्य बरं, गयते काय?"

सुमती वाकली. डब्याच्या काठाशी तिनं बारकाईनं पाहिलं. थेंब नव्हता.

"नाही जी, मामाजी."

आणि ते खरं होतं. त्या क्षणी गळत नव्हतं. थंड इंजिनाला, जागच्या जागी, दोन रिंगाही थोडा वेळ धरून ठेवतात. दाब वाढला, तेल तापलं, रस्त्याचा हादरा बसला की नवी सरकते, हे सुमतीच्या हातांना माहीत होतं, जरी तोंडाला ते समजावून सांगता आलं नसतं.

त्या संध्याकाळी तिनं स्वतःची खूप समजूत घातली. इंजिनाचं वाईट व्हावं असं तिला वाटत नव्हतं. देवाशप्पथ नव्हतं. तिला एवढंच हवं होतं, की सकाळी शेडमध्ये तेलाचा एक डाग दिसावा, रुपरावांनी कपाळाला आठ्या घालून लहानीकडे बघावं आणि म्हणावं, मोठे, तूच ये वं. एक डाग. तेवढ्यानं कुणाचं काय बिघडणार होतं? पण मत्सरानं मागितलेलं माप कधी बरोबर मिळत नाही. सकाळी ती सगळ्यांच्या आधी उठून शेडमध्ये गेली आणि खाली वाकून पाहिलं. जमीन कोरडी होती.

गाडी निघाली तेव्हा मागं रुखमाबाई ओटीचं सामान मांडीवर घेऊन बसल्या होत्या, त्यांच्या शेजारी रविंद्र. पुढं रुपरावांच्या बाजूला कौसल्या. त्या जागेवर सुमतीला कधी कुणी बसवलं नव्हतं. कौसल्या काच खाली करून म्हणाली, "मोठ्या बाई, तुम्ही पण चला ना." रुखमाबाई मागून म्हणाल्या, "घरी कोणी पाह्यजे का नाही? तुह्या पोरी शाळेतून येतीन." सुमती फाटक धरून उभी होती. गाडी हलली तसं तिच्या तोंडून निघून गेलं, "मामाजी."

रुपरावांनी ब्रेक दाबला. "काय वं?"

पुढच्या काचेतून कौसल्येचा गजरा दिसत होता. ताजा, टपोरा.

"हळू जा जी," सुमती म्हणाली.

फाटक लावून ती आत आली आणि तिला काही सुचेना. पोळीचं पीठ भिजवलं ते सैल झालं. श्रीधर शाळेत जाताना काहीतरी म्हणाला, ते तिच्या कानावरून गेलं. रस्त्यावर कुठं हॉर्न वाजला की ती दारात यायची. आता सक्करदरा आलं असेल. आता सीताबर्डी. अजून काही झालं नाही म्हणजे काही होणार नाही, असं ती घोकत राहिली, आणि त्यातही मेली एक कळ उठत होती, की काहीच झालं नाही तर लहानीच खरी ठरेल. मनाचं काय सांगावं. एका हातानं देवाला हात जोडत होती आणि दुसऱ्या हातानं शाप देत होती.

सूर्य डोक्यावर यायच्या आत गाडी परत आली. हॉर्न वाजला नाही, इंजिनाचा आवाजही नाही. आल्या त्या बैलांच्या घुंगरमाळा. पोळ्याला रंगवलेल्या शिंगांचा रंग अजून पुरता उडाला नव्हता, अशी एक बैलजोडी दोरखंडानं अॅम्बेसेडर ओढत आणत होती. बाजूनं तिचा मालक हसू दाबत चालला होता. मागं रुखमाबाई, रविंद्र आणि कौसल्या घामाघूम होऊन पायी, आणि स्टिअरिंगवर रुपराव, समोर बैलांच्या शेपट्या बघत. बसगाड्यांचा फोरमन होता तो माणूस. आळीतली माणसं कुंपणापाशी येऊन उभी राहिली होती.

सक्करदऱ्याच्या अलीकडेच तेलाचा लाल दिवा लागला होता. रुपरावांनी त्याच क्षणी इंजिन बंद केलं, म्हणून ते वाचलं. मागं रस्त्यावर काळी रेघ उमटली होती, असं रविंद्र सांगत होता. गाडी शेडमध्ये ढकलली गेली. रुपराव स्टुलावर बसले. त्यांच्या हातात चष्मा होता आणि ते तो नुसता पुसत होते.

"माह्या हातून आता होत नाही," ते म्हणाले. "दसरा झाला का गाडी काढून टाकू. कोणाच्या जिवावर बेतलं असतं तं?"

"चूक माझी आहे, मामाजी," कौसल्या म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते. "रिंग मीच बसवली होती."

"तू शिकून राहिली होती. मी काय करून राहिलो होतो?"

सुमती दारात उभी होती. लहानी तोंडावर आपटली होती. हवं होतं तसंच. पण आपटताना ती सासऱ्यांना घेऊन पडली होती, आणि आता गाडी जाणार, शेड जाणार, ते पाना मागणारे हात जाणार. सुमतीनं पदर कमरेला खोचला. कुणाला काही न विचारता ती पुढं गेली, बोल्ट सैल केला, डबा उतरवला. मग बांगडीतली पिन काढून हात वर घातला. नवी रिंग सोललेल्या सालीसारखी लोंबत होती, ती काढली. मग तिच्या वरची काढली, काळी, चपटी. दोन्ही तिनं रुपरावांच्या तळहातावर ठेवल्या.

रुपरावांनी दोन्ही रिंगा अंगठ्यानं चाचपल्या. एक मऊ, एक कडक. बराच वेळ चाचपत राहिले.

"जुनी आतच होती," ते म्हणाले. मग सावकाश मान वर केली. "मोठे, दरवेळी हे कोण काढे?"

"मी जी."

"कधीपासून?"

"तुमचा चष्मा घसरायला लागला तेव्हापासून."

रुपराव हसले. बैलांनी ओढत आणल्यापासून ते पहिल्यांदाच हसले. "अन् मी समजत होतो, का रिंग आपल्या आप निघते," ते म्हणाले. "पाह्य लहाने. मी मिस्त्री, मी मिस्त्री म्हणून मिरवून राहिलो, अन् मिस्त्री तं ही आहे."

हेच. हेच ऐकायला ती जन्मभर पाने पुसत बसली होती, आणि तेही लहानीच्या समोर. तिनं कौसल्येकडे चोरून पाहिलं. कौसल्या डोळे पुसत हसत होती, खरोखरच कौतुकानं. गाडी आता विकली जाणार नाही, हे सुमतीला कळलं. सगळं परत मिळालं होतं, होतं त्याहून जास्त.

रुपराव अजून रिंगा चाचपत होते. त्यांचं हसू थांबलं.

"काल चहा घेऊन तू आली होती," ते म्हणाले. "लहानी रिंग बसवून राहिली होती तवा."

"हो."

"पाह्यलं होतं तू?"

नाही म्हणणं सोपं होतं. कौसल्येनं मान्य केलं असतं, रुपरावांनीही केलं असतं. पण त्या शेडमध्ये सुमतीनं कधी खोटा पाना दिला नव्हता.

"हो जी," ती म्हणाली.

"मी तुले विचारलं, गयते काय म्हणून."

"तवा गयत नव्हतं."

बाहेर बैलांचा मालक रविंद्रला काहीतरी विचारत होता. कौसल्या आधी सासऱ्यांकडे, मग जावेकडे पाहत राहिली आणि तिचंही हसू हळूहळू मावळलं. रुपरावांनी दोन्ही रिंगा चिंधीत ठेवल्या, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या शेडमध्ये थोरल्या सुनेकडे सरळ पाहिलं.

"पदर घे, मोठे," ते म्हणाले.

आवाजात राग नव्हता. राग असता तर तिनं तो झेलला असता. तिनं कमरेचा पदर सोडला आणि डोक्यावरून घेतला, कपाळापर्यंत, पहिल्या दिवशी होता तसा. पदराच्या काठावर तेलाची चार बोटं उमटली. उंबरा ओलांडून ती अंगणात आली, तेव्हा मागून रुपरावांचा आवाज आला.

"लहाने, खाच साफ कराची आहे. पिन घे."

सुमतीनं मनगट चाचपलं. पिन तिकडेच राहिली होती.